खनिज तेलाचे आंतरराष्ट्रीय राजकारण

खनिज तेलाचे साठे, उत्पादन, वाहतूक आणि किंमत यांवर नियंत्रण मिळविण्यासाठी राष्ट्रे, तेल कंपन्या व उत्पादक देशांच्या संघटना यांच्यामध्ये चालणारी स्पर्धा, संघर्ष आणि वाटाघाटी यांना ही संज्ञा लावण्यात येते. खनिज तेल पृथ्वीवर अत्यंत विषम प्रमाणात आढळते. ज्ञात साठ्यांपैकी जवळजवळ निम्मे साठे एकट्या पश्चिम आशियात आहेत. उलट पश्चिम यूरोप, जपान, चीन व भारत या मोठ्या ग्राहकांना आपली गरज मुख्यत्वे आयातीवर भागवावी लागते. जगात प्रतिदिनी सु. दहा कोटी पिंपे तेल खपते (१ पिंप = सु. १५९ लिटर). मोटारी, जहाजे, विमाने व रासायनिक कारखाने यांना अल्पावधीत दुसऱ्या इंधनाकडे वळता येत नाही. त्यामुळे पुरवठ्यात थोडीशी तूट आली, तरी किंमत एकदम चढते आणि थोडे तेल अधिक झाले, तरी ती कोसळते.

तेलाच्या राजकारणाचा विचार करताना तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे आवश्यक ठरते : भूगर्भातील साठा, गरज पडताच उपसता येईल अशी राखीव उत्पादनक्षमता आणि तेल ग्राहकापर्यंत नेणारे मार्ग. सामान्य चर्चेत पहिल्या गोष्टीवर भर दिला जातो. तेलाच्या किंमतीचा इतिहास मात्र मुख्यतः उरलेल्या दोन गोष्टींनी घडविला आहे.

साठ्यांची संकल्पना : भूगर्भात असलेले सर्व तेल म्हणजे साठा नव्हे. उपलब्ध तंत्राने व चालू किंमतीत किफायतशीरपणे काढता येईल, अशी वाजवी खात्री असलेल्या तेलासच ‘सिद्ध साठा’ असे म्हणतात. म्हणजेच साठा ही केवळ भूवैज्ञानिक राशी नसून आर्थिक राशीही आहे. किंमत वाढली किंवा तंत्र सुधारले की, एकही नवे क्षेत्र न सापडता साठा वाढतो. १९८० च्या सुमारास जगातील सिद्ध साठे तत्कालीन खपाच्या मानाने सु. ३० वर्षे पुरतील, असे मानले जाई. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्या साठ्यांहून अधिक तेल जगाने जाळले तरीही २०२० मध्ये सिद्ध साठे सु. १,७०० अब्ज पिंपे, म्हणजे सु. ५० वर्षे पुरतील एवढे होते.

साठ्यांच्या आकड्यांत राजकारणही मिसळलेले असते. तेल-निर्यातक देशांच्या संघटनेत (ओपेक) प्रत्येक सदस्याचा उत्पादनाचा वाटा ठरविताना साठ्यांचा विचार होणार, अशी चर्चा १९८० नंतर सुरू झाली. त्या दशकात कुवेत, संयुक्त अरब अमिराती, इराण, इराक व अखेरीस सौदी अरेबिया यांनी आपले जाहीर साठे एकामागून एक मोठ्या प्रमाणात वाढविले. सौदी अरेबियाचा आकडा सु. १७० अब्ज पिंपांवरून सु. २५५ अब्ज पिंपांवर गेला. या काळात तेथे तेवढ्या मोठ्या प्रमाणावर नवी क्षेत्रे सापडलेली नव्हती. कॅनडामधील तेलवाळूत असलेले तेल सिद्ध साठ्यांत धरले जाऊ लागताच त्या देशाचा क्रमांक २००३ पासून एकदम वर चढला. व्हेनेझुएलाच्या ओरिनोको खोऱ्यातील अतिजड तेल हिशेबात घेतल्यामुळे सु. ३०० अब्ज पिंपे साठ्याचा तो देश जगात पहिला ठरला. परंतु २०२० मध्ये तेथील उत्पादन प्रतिदिनी दहा लाख पिंपांच्याही खाली होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते तीस लाख पिंपांहून अधिक होते. भांडवल, कुशल मनुष्यबळ, सुटे भाग व बाजारपेठ यांच्या अभावी जगातील सर्वांत मोठा साठा किंमतीवर प्रभाव पाडू शकत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

कंपन्यांचे युग : आधुनिक तेल उद्योगाचा आरंभ १८५९ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) पेनसिल्व्हेनिया राज्यात एडविन ड्रेक याने खणलेल्या विहिरीपासून मानला जातो. जॉन डी. रॉकफेलर याच्या ‘स्टँडर्ड ऑइल’ कंपनीने शुद्धीकरण व वाहतूक ताब्यात घेऊन मक्तेदारी स्थापन केली. १९११ मध्ये अ. सं. सं.च्या सर्वोच्च न्यायालयाने तिचे विभाजन केले. इराणमध्ये विल्यम नॉक्स डार्सी याने १९०१ मध्ये मिळविलेल्या मक्त्यातून १९०८ मध्ये मस्जिद-इ-सुलेमान येथे तेल लागले. ब्रिटिश नौदलाने कोळशाऐवजी तेल वापरण्याचे ठरविल्यावर १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन कंपनीतील निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. तेव्हापासून तेल हा परराष्ट्रनीतीचा विषय बनला.

दोन महायुद्धांच्या दरम्यान मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांनी परस्परांत करार करून बाजार वाटून घेतले. भूमीचे स्वामी असलेल्या देशांना ठराविक स्वामित्वशुल्कावर समाधान मानावे लागे. मेक्सिकोने १९३८ मध्ये या उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. १९५० मध्ये सौदी अरेबियाला नफ्यातील निम्मा वाटा मिळाला. इराणमध्ये मोहंमद मुसद्दिक यांच्या सरकारने १९५१ मध्ये राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा कंपन्यांनी इराणी तेलावर बहिष्कार घातला. कुवेत, सौदी अरेबिया व इराक येथील उत्पादन वाढवून त्यांनी ती तूट भरून काढली. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन गुप्तचर यंत्रणांच्या साहाय्याने मुसद्दिक यांना पदच्युत करण्यात आले. तेल स्वतःच्या मालकीचे असूनही ते विकता न आल्याने हा देश पराभूत झाला.

राखीव क्षमतेचे स्थलांतर : १९३० नंतर सु. चाळीस वर्षे जागतिक बाजाराचा तोल टेक्सस राज्यात सांभाळला जाई. पूर्व टेक्ससमधील प्रचंड क्षेत्र १९३० मध्ये सापडताच तेलाची किंमत कोसळली. तेव्हा ‘टेक्सस रेलरोड कमिशन’ या राज्य सरकारच्या नियामक मंडळाकडे उत्पादन मर्यादित ठेवण्याचे काम आले. कोणत्या विहिरीने किती तेल काढावे, हे मंडळ ठरवून देई. या मर्यादेमुळे अ. सं. सं.मध्ये मोठी राखीव क्षमता नेहमी उपलब्ध असे. १९५६ च्या सुएझ संघर्षात यूरोपला याच क्षमतेतून तेल पुरविण्यात आले. जून १९६७ च्या अरब–इझ्राएल युद्धात अरब देशांनी पाश्चात्त्य राष्ट्रांविरुद्ध तेलबंदी पुकारली परंतु अमेरिकन विहिरींचे उत्पादन वाढल्याने ती अल्पावधीतच निष्फळ ठरली.

अमेरिकन भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये असे भाकीत केले होते की, आपल्या देशाचे तेल उत्पादन १९६५–७० च्या सुमारास कळस गाठून नंतर घटू लागेल. त्याप्रमाणे १९७० मध्ये ते प्रतिदिनी सु. ९६ लाख पिंपांपर्यंत पोहोचले आणि नंतर उतरू लागले. मार्च १९७२ मध्ये टेक्ससच्या मंडळाने विहिरींवरील मर्यादा उठविली. याचा अर्थ असा की, अ. सं. सं.ची राखीव क्षमता संपली होती. जगाच्या बाजाराचा तोल आता इराणच्या आखातातील देशांच्या हाती गेला.

ओपेकची स्थापना सप्टेंबर १९६० मध्ये बगदाद येथे इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया व व्हेनेझुएला या पाच देशांनी केली होती. कंपन्यांनी एकतर्फी केलेली किंमतकपात हे तिचे तात्कालिक कारण होते. व्हेनेझुएलाचे मंत्री ह्वान पाब्लो पेरेस अल्फोन्सो आणि सौदी अरेबियाचे अब्दुल्ला तारीकी हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. पहिल्या दशकात संघटनेचा प्रभाव मर्यादित राहिला. तथापि वरील बदलानंतर परिस्थिती पालटली.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पुन्हा अरब–इझ्राएल युद्ध सुरू झाले. १६ ऑक्टोबर रोजी आखाती उत्पादकांनी तेलाची जाहीर किंमत पिंपास ३·०१ डॉलरवरून ५·१२ डॉलर केली. दुसऱ्या दिवशी अरब देशांनी उत्पादनात टप्प्याटप्प्याने कपात जाहीर केली आणि अ. सं. सं., नेदर्लंड्स इ. देशांवर तेलबंदी लादण्यात आली. १ जानेवारी १९७४ पासून जाहीर किंमत ११·६५ डॉलर झाली. बाजारातून कमी झालेले तेल जागतिक उत्पादनाच्या सु. ७ टक्केच होते तरीही किंमत जवळजवळ चौपट झाली. १९६७ आणि १९७३ या दोन प्रसंगांची तुलना उद्‌बोधक आहे. सहा वर्षांत भूगर्भातील साठ्यांत मोठा फरक पडलेला नव्हता. पहिल्या वेळी तूट भरून काढणारा पर्यायी पुरवठादार होता, दुसऱ्या वेळी तो नव्हता.

किंमतींचे चढउतार : इराणमधील १९७८–७९ ची क्रांती आणि १९८० मध्ये सुरू झालेले इराण–इराक युद्ध यांमुळे हजर बाजारातील किंमत पिंपास ४० डॉलरच्या जवळपास पोहोचली. परंतु उच्च किंमतीने स्वतःचे उत्तर निर्माण केले. अलास्का, उत्तर समुद्र व मेक्सिको येथील खर्चिक क्षेत्रे किफायतशीर ठरली. वीजनिर्मितीत तेलाची जागा कोळसा, वायू व अणुऊर्जा यांनी घेतली आणि मोटारी कमी इंधनात अधिक धावू लागल्या. किंमत टिकविण्यासाठी सौदी अरेबियाने १९८० च्या सुमारास प्रतिदिनी सु. एक कोटी पिंपे असलेले आपले उत्पादन १९८५ पर्यंत २५ लाख पिंपांखाली आणले. इतर सदस्य मात्र ठरलेल्या वाट्यापेक्षा अधिक तेल विकत राहिले. अखेर सौदी अरेबियाने कपात सोडून उत्पादन वाढविले आणि १९८६ मध्ये किंमत दहा डॉलरच्या आसपास घसरली. उत्पादकांच्या संघटनेची अंतर्गत दुर्बलता यातून दिसून आली. कपातीचा भार एकाने वाहावा व लाभ सर्वांनी घ्यावा, असे दीर्घकाळ चालू शकत नाही.

या घसरणीनंतर जाहीर किंमतींची पद्धती मागे पडली आणि न्यूयॉर्क व लंडन येथील वायदेबाजारांतील दर प्रमाण मानले जाऊ लागले. तेव्हापासून प्रत्यक्ष तुटीइतकीच तुटीची भीतीही किंमतीत उतरते. इराकने ऑगस्ट १९९० मध्ये कुवेत व्यापल्यावर किंमत दुपटीहून अधिक वाढून ऑक्टोबरमध्ये ४० डॉलरवर गेली परंतु सौदी अरेबियाने राखीव क्षमता वापरून तूट भरून काढली आणि जानेवारी १९९१ मध्ये हवाई युद्ध सुरू होताच किंमत खाली आली. उलट २००४–०८ या काळात चीन व इतर आशियाई देशांची मागणी झपाट्याने वाढली, तेव्हा राखीव क्षमता अत्यल्प उरली होती. परिणामी जुलै २००८ मध्ये किंमत १४७ डॉलरपर्यंत चढली. जागतिक मंदी येताच त्याच वर्षाच्या अखेरीस ती ४० डॉलरखाली घसरली.

शेल तेल व ओपेक प्लस : शेल खडकात आडवी विहीर खणून, उच्च दाबाने पाणी व वाळू सोडून खडक तडकविण्याच्या तंत्राने २०१० नंतर अ. सं. सं.चे उत्पादन पुन्हा वाढू लागले. २०१८ मध्ये त्याने १९७० ची पातळी ओलांडली व तो देश जगातील सर्वांत मोठा तेल-उत्पादक झाला. या वाढीमुळे २०१४ च्या मध्यास ११० डॉलरच्या वर असलेली किंमत जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरखाली उतरली. त्या वर्षाच्या अखेरीस ओपेकने रशिया व इतर काही उत्पादकांशी सहकार्याचा करार केला. या विस्तृत गटास ‘ओपेक प्लस’ असे म्हणतात. मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे मागणी घटत असताना सौदी अरेबिया व रशिया यांच्यात मतभेद होऊन किंमतयुद्ध पेटले. एप्रिलमध्ये प्रतिदिनी ९७ लाख पिंपे एवढी अभूतपूर्व कपात ठरली. तत्पूर्वीच टाक्या भरत आल्या होत्या. २० एप्रिल रोजी न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अमेरिकन तेलाचा दर उणे ३७·६३ डॉलर झाला. तेल साठविण्यास जागा नसल्याने, ते घेऊन जाण्यासाठी विक्रेत्यांनाच पैसे मोजावे लागले.

मार्ग आणि निर्बंध : इराणचे आखात व ओमानचे आखात यांना जोडणारी होर्मुझची सामुद्रधुनी हा तेलवाहतुकीतील सर्वांत नाजूक दुवा होय. तिची किमान रुंदी सु. ३३ किमी. असून मोठ्या जहाजांचे ये-जा करण्याचे पट्टे प्रत्येकी सु. ३ किमी. रुंद आहेत. २०२४ मध्ये या मार्गाने प्रतिदिनी सु. दोन कोटी पिंपे तेल व तेलपदार्थ, म्हणजे जागतिक खपाचा सु. एक-पंचमांश भाग जात होता आणि त्यातील बहुतांश आशियाई देशांकडे येत होता. सौदी अरेबियाचा तांबड्या समुद्रावरील यान्बू बंदरापर्यंतचा नळमार्ग व अमिरातीचा फुजैरापर्यंतचा नळमार्ग हे पर्याय आहेत परंतु त्यांची क्षमता सामुद्रधुनीच्या मानाने अपुरी आहे. शिवाय राखीव क्षमता असलेले देश बहुतेक याच सामुद्रधुनीच्या आत वसलेले असल्याने, तेथे अडथळा आल्यास तूट आणि तिच्यावरील उपाय ही दोन्ही एकाच वेळी अडकून पडतात. सुएझ कालवा १९६७ ते १९७५ या काळात बंद राहिला, तेव्हा आफ्रिकेला वळसा घालण्यासाठी अतिप्रचंड तेलवाहू जहाजे बांधण्यात आली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथी गटाने तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू केल्याने अनेक जहाजांना पुन्हा हाच वळसा घ्यावा लागला.

मार्ग कायद्यानेही अडविता येतात. जहाजांचा विमा, बँकांमार्फत होणारे व्यवहार आणि डॉलरमध्ये होणारा हिशेब यांवर पाश्चात्त्य देशांचा प्रभाव असल्याने इराण, व्हेनेझुएला व रशिया यांच्याविरुद्ध निर्बंधांचा वापर करण्यात आला. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर किंमत १२० डॉलरच्या वर गेली. डिसेंबर २०२२ मध्ये सात प्रमुख औद्योगिक राष्ट्रांचा गट, यूरोपीय संघ व ऑस्ट्रेलिया यांनी सागरी मार्गाने जाणाऱ्या रशियन तेलावर पिंपास ६० डॉलर अशी कमाल किंमत लागू केली. रशियन तेल बाजारातून नाहीसे होऊ नये पण त्याचे उत्पन्न घटावे, असा तिचा दुहेरी हेतू होता. तेल नाहीसे झाले नाही. त्याची दिशा यूरोपकडून आशियाकडे वळली.

ग्राहक देशांचे उपाय व भारत : १९७३ च्या अनुभवानंतर आयातदार औद्योगिक राष्ट्रांनी नोव्हेंबर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा अभिकरण स्थापन केले. सदस्यांनी ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा बाळगावा, असा दंडक घालण्यात आला. १९९१, २००५, २०११ व २०२२ मध्ये या साठ्यांतून सामुदायिक रीत्या तेल बाजारात सोडण्यात आले. हे साठे म्हणजे ग्राहकांनी स्वतःच्या घरी निर्माण केलेली राखीव क्षमताच होय.

भारताला या राजकारणाची झळ प्रत्येक वेळी पोहोचली. १९७३–७४ च्या किंमतवाढीने आयातीचा खर्च एकदम वाढला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन जहाजाला मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. अंतरावर समुद्रात तेल लागले आणि १९७६ मध्ये बॉम्बे हाय क्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. १९८५ च्या सुमारास देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल देशातच मिळू लागले. हा दिलासा टिकला नाही, कारण मागणी उत्पादनापेक्षा वेगाने वाढली. १९९०–९१ च्या आखाती संकटात तेलाचे देणे वाढले, कुवेतमधील भारतीयांकडून येणारा पैसा थांबला आणि सु. १ लाख ७० हजार नागरिकांना मायदेशी आणावे लागले. राजकोषीय तूट व बाह्य कर्ज यांनी आधीच दुर्बल झालेल्या अर्थव्यवस्थेला हा आघात पेलला नाही आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सु. ४७ टन सोने परदेशात तारण ठेवावे लागले.

त्यानंतर भारताने पुरवठादारांची संख्या वाढविण्याचे धोरण स्वीकारले. विशाखापटनम्, मंगळूर व पाडूर येथे खडकात कोरलेल्या गुहांतून एकूण ५३·३ लक्ष टन क्षमतेचे राखीव साठे उभारण्यात आले. तथापि ही क्षमता देशाच्या दहा दिवसांच्या गरजेलाही पुरी पडत नाही. शुद्धीकरण कारखान्यांकडील साठे अर्थात याहून वेगळे आहेत. २०२२ पूर्वी रशियन तेलाचा भारताच्या आयातीतील वाटा सु. २ टक्के होता, तो २०२३ मध्ये एक-तृतीयांशाहून अधिक झाला. सवलतीच्या या तेलामुळे आयातखर्चात बचत झाली परंतु याच खरेदीचे कारण देऊन ऑगस्ट २०२५ मध्ये अ. सं. सं.ने भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातशुल्क लादले. स्वस्त तेलाचीही राजकीय किंमत द्यावी लागू शकते, हे यावरून दिसून आले.

विजेवर चालणारी वाहने व अन्य ऊर्जास्रोत यांच्या प्रसारामुळे तेलाची मागणी केव्हा घटू लागेल, याविषयी तज्ञांत एकमत नाही. मागणी घटू लागली, तर महागड्या क्षेत्रांतील उत्पादन आधी बंद पडेल आणि उरलेल्या बाजारात कमी खर्चाने तेल काढणाऱ्या आखाती देशांचा वाटा वाढण्याचा संभव आहे. म्हणजेच तेलाचा खप कमी झाल्याने तेलाचे राजकारण आपोआप संपेल, असे मानता येत नाही. आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या भारतासारख्या देशाच्या दृष्टीने जगात किती तेल शिल्लक आहे, या प्रश्नापेक्षा तूट पडल्यास ती कोण भरून काढील, ते तेल कोणत्या मार्गाने येईल आणि तोवर आपल्या टाक्यांत किती दिवसांचा साठा असेल, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.